एकेचाळीस जणींचा एक मळा

प्रिय न्यारिकी,

'प्रिय' लिहिलंय ते शाळेत मास्तरांनी पत्र तसंच सुरू करायला शिकवलं होतं म्हणून. त्यावरून भलतं काही समजू नकोस.

परवा चहाच्या खरेदी केंद्रावर ओचारोने वजनकाटा टांगता टांगता तुझी पिशवी माझ्या हातात दिली. साखर, फुलाफुलांचं कापड आणि तुझी चिठ्ठी. 'ताई, घराण्याची अब्रू राखलीस. देव तुझं भलं करो.' साखर मी जेरुशाकडे दिली. तुझी बायको, तुझी पोरं, त्यांच्या चहात जाऊ दे. कापड आमच्यातल्या खुडणाऱ्या केरेबीला दिलं, तिचं लुगडं पाठीवर विरलं होतं. चिठ्ठी मात्र ठेवली आहे. चार वेळा वाचली. प्रत्येक वेळी वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाला एवढंही कळू नये? खरेदी केंद्राचा चेअरमन, न्यामिराच्या बाजारात दुकान, दारात गाडी, चर्चमध्ये पहिल्या बाकावर जागा. आणि आपण कशावर सही केली ते वाचायची अक्कल नाही.

तू म्हणशील, पत्र कशाला, मी दर शुक्रवारी येतोच की गावी. येतोस खरा. गाडीतून उतरतोस, चिखल चुकवत दगडादगडावर पाय देत अंगणात येतोस, आपल्या चर्चात शनिवारी असते ती प्रार्थना करतोस आणि रविवारी केळ्यांचा घड डिकीत टाकून परत जातोस. पण तुझ्याशी समोरासमोर बोलायला लागलं की तू हसतोस. पुरतं ऐकायच्या आधीच हसतोस. लहानपणीही असाच होतास. कागदावर हसून काही होत नाही. शब्द तिथेच राहतात. म्हणून लिहिते आहे. अक्षर वाईट आहे, चहाच्या चिकानं बोटं काळी पडून कडक झाली आहेत, पेन नीट धरवत नाही. लावून लावून वाच.

इकडची खबर अशी, की गेल्या मंगळवारी गारा पडल्या. खालच्या अंगाला जास्त, वर कमी. कोंब चाळणीसारखे झालेत. ते आठवडाभर खुडता येणार नाहीत, नवीन फूट येईपर्यंत थांबावं लागेल. तुला हे कुणी कळवलं नसेल, कारण कारखान्यात ज्या नंबरवर पान आणि पैसे जमा होतात तो नंबर तुझा असला तरी गारा आमच्याच डोक्यावर पडतात. तुझ्या धाकटीचा दात पडला. ती मला विचारत होती, "आत्या, बाबांना चहा खुडता येतो का गं?" मी म्हटलं, येत असेल. पोरीच्या तोंडावर तुझं हसं करणं बरं दिसलं नाही.

खरं तर तू आयुष्यात एकदाच चहा खुडलास. आठवतं? तू चौदाचा असशील. बाबा तापाने पडले होते आणि आईने तुला माझ्याबरोबर धाडलं. तू झाडाला असं ओरबाडलंस की जणू गाईला पाला काढतोयस. जून पानं, काडक्या, सगळं करंडीत कोंबलंस आणि वरून पायाने दाबलंस. केंद्रावर तेव्हा ओचारोचा बाप होता. त्याने करंडीत हात घातला, मूठभर पान वर काढलं आणि सगळ्या बायकांदेखत म्हणाला, "पोरा, हे बकरीला घाल. तीही तोंड फिरवेल." आणि ओतून दिलं रस्त्यात. तू रडत घरी पळालास आणि आईने तुलाच जवळ घेतलं. मी वाकून तेवढ्यातलं बरं पान वेचलं. बाबांची पाळी वाया जाऊ नये म्हणून.

मी आता खुडते तो वरचा मळा लावला तेव्हा मी दहा वर्षांची होते. तिथे आधी पायरेथ्रमची, किडीच्या औषधाची पांढरी फुलं होती, ती उपटून बाबांनी चहा लावायचं ठरवलं आणि सगळं गाव त्यांना हसलं. पाला पिऊन पोट भरणार का म्हणे. रोपवाटिका डोंगरापलीकडे. बाबांच्या डोक्यावर रोपांची पेटी, माझ्या डोक्यावर छोटं घमेलं आणि पाठीला बांधलेला तू. चार वर्षांचा धोंड होतास, चालायला सांगितलं की भोकाड पसरायचास. उतरताना एकदा माझा पाय घसरला. मी तुला सावरलं आणि घमेलं सांडलं. बाबांनी रोपं एकेक करून उचलली, मुळाशी माती दाबली आणि म्हणाले, "मोकेइरा, बारा मोडली. ती मी वेगळी लावतो, त्यांच्याकडे तू बघायचंस." त्यातली अकरा जगली. बांधाच्या कडेला, दगडाजवळ. आजही तिथलं पान सगळ्यात आधी खुडायला येतं. तुला ती अकरा झाडं दाखवता येतील? येणार नाहीत. आणि तरी बाबा गेले त्या वर्षी त्यांचा नंबर तुझ्या नावावर झाला. तू तेव्हा किसुमूत मोबाईलची कव्हरं विकत होतास. त्यांना पुरून पंधरा दिवस झाले नाहीत तोच कारखान्यातला माणूस वही घेऊन आला आणि विचारलं, "मुलगा कोण?" मुलगी कोण, हे विचारायला त्याच्या वहीत रकानाच नव्हता.

त्याबद्दल मी तेव्हा काही बोलले नाही. बोलायला मी होते कुठे? मी तिकडे नवऱ्याच्या घरी मार खात होते. माझ्या लग्नात नवऱ्याकडून आलेल्या ज्या गायी जेरुशाच्या बापाच्या दारी हाकत नेऊन तू तिला घरी आणलीस, त्या गायींची आठवण तुला एरवी येत नाही, पण मी अंगावरचे वळ घेऊन माहेरी आले तेव्हा लगेच आली. "ताई, तू राहिलीस तर त्यांना गायी परत द्याव्या लागतील. मी कुठून आणू? जरा सोसून घे." मी सोसून घ्यायला दोनदा परत गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा आई जिवंत होती. ती दारात उभी राहिली आणि तुला म्हणाली, "हिला घालवायचं असेल तर आधी मला घालव." तू गाडीत बसून निघून गेलास. तेव्हापासून चौदा वर्षं मी आईच्या चुलीच्या खोपटात राहते, आणि चौदा वर्षं वरचा मळा खुडते. खुडते, छाटते, मेलेल्या झाडाच्या जागी कलम लावते, धुक्यात प्लास्टिकचा एप्रन बांधून उभी राहते. पान काट्यावर चढतं आणि ओचारो पुकारतो, "न्यारिकी!" बायका माझ्याकडे बघून म्हणतात, "ओ गं न्यारिकी, ओ दे की!" सुरुवातीला राग यायचा. नंतर मीच ओ द्यायला लागले.

असं सगळं सुरळीत चाललं होतं म्हण, आणि मग तुझे पाहुणे आले, मदत देणाऱ्या संस्थेचे.

लहान शेतकऱ्याला चहात मदत करायची, त्यातून त्याच्या हाती रोख पीक यायचं, आणि त्यातही बायकांना पुढे आणायचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं वाईट नव्हतं, माणसंही वाईट नव्हती. मी त्यांना नावं ठेवत नाही. म्हणजे ठेवते, पण थोडीच. तो नैरोबीचा पोरगा तेवढा आठवतो, पांढऱ्या बुटातला, आम्हाला खुडायला शिकवायला आलेला. चर्चच्या मैदानात फळ्यावर चित्र टांगलं, दोन पानं आणि एक कोंब, आणि छडी लावून म्हणाला, "आयांनो, एवढंच घ्यायचं." न्याबोके म्हातारी माझ्या शेजारी होती. तिने उभ्या जन्मात किती पान खुडलं असेल ते देवालाच ठाऊक. ती मोठ्याने म्हणाली, "पोरा, ते तिसरं पान तू चित्रात विसरलास की तुझ्या बायकोने खुडलं?" सगळ्या हसल्या. पोरगा ओशाळला. पण तो तरी लाजला. तू नाही लाजलास. तू पुढच्या खुर्चीवर बसून मान डोलावत होतास, जसं काही हे सगळं आम्हाला तूच शिकवलंयस.

पाहुण्यांना आकडा हवा होता. स्वतःच्या नंबरवर चहा घालणाऱ्या बायका किती? आपल्या केंद्रावर खरा आकडा होता दोन, त्याही विधवा आणि मुलगा नसलेल्या. तू उठून उभा राहिलास आणि छातीवर हात ठेवून सांगितलंस, "एकेचाळीस." मी मागे बसले होते. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग तू संध्याकाळी घरोघर फिरलास. नवऱ्यांना सांगितलंस, "अरे फक्त कागदावर. पाहुणे खत देतील, रोपं देतील. जमीन तुझी, नंबर तुझा, बाई तुझी. नुसता अंगठा दे." नवऱ्यांनी दिले. फुकटच्या खतासाठी त्यांनी आणखी कायकाय दिलं असतं कुणास ठाऊक.

आणि तो फोटोंचा दिवस! न्यारिकी, त्या दिवशी मी तुला पहिल्यांदा नीट पाहिलं असं मला वाटतं. पाहुण्यांना प्रत्येक बाई तिच्या मळ्यात उभी हवी होती. पण एकेचाळीस मळे हिंडायला तुझे बूट तयार नव्हते. म्हणून तू सगळ्यांना बाबांच्या वरच्या मळ्यात आणलंस, रस्त्याजवळ म्हणून. एकेक बाई आत जायची, छातीशी तिच्या नावाची पाटी धरायची, फोटो, बाहेर. पुढची. तू फोटोवाल्याला म्हणायचास, "आता जरा डावीकडून घे, मागे सुरूचं झाड येऊ देऊ नकोस." झाड सगळ्यांत आलं असतं तर पाहुण्यांना कळलं असतं ना! केरेबीने घाईत एप्रन उलटा घातला होता, तो तसाच फोटोत आला. न्याबोके पाटी उलटी धरून उभी राहिली, तिला वाचता येत नाही, आणि तुला ते दिसलंही नाही. एकेचाळीस जणी, एक मळा. मी सगळ्यांत शेवटी गेले. मी चौदा वर्षं कसलेल्या मळ्यात चाळीस बायका मालकीण म्हणून उभ्या राहून गेल्या आणि माझी पाळी आली तेव्हा तू म्हणालास, "ताई, जरा हस. तू आता सबल स्त्री आहेस."

मी हसले. फोटोत तसं दिसतं.

मग पाहुण्यांनी येऊन मळ्याच्या मालकिणी म्हणून प्रमाणपत्रं वाटली, जाड कागदाची, सोनेरी कडेची. टाळ्या झाल्या. आणि पाहुण्यांची गाडी वळणाआड गेली तसा तू पिशवी घेऊन रांगेतून फिरलास, "द्या इकडे, हरवतील, माझ्याकडे नीट राहतील." बायकांनी निमूट दिली. नुकतंच मिळालेलं, अजून दोन वेळा हाताळलंही नव्हतं. मुलांच्या हातातून सुरी काढून घ्यावी तशी तू ती काढून घेतलीस.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी तुझ्याकडे आले. तुझी कमिटीची माणसं अंगणात बसली होती, जेरुशाने मक्याच्या पिठाची उगाली आणि भाजी वाढली होती. मी खालच्या आवाजात विचारलं. भांडायला नव्हते आले रे. म्हटलं, न्यारिकी, कागदावर आहेच, तर वरच्या मळ्याचा नंबर खरंच माझ्या नावे कर ना. तुझ्याकडे खालचे दोन मळे आहेत, दुकान आहे. तू हसलास. तुझं हसू बघून कमिटीही हसली. म्हणालास, "ताई, तो कागद पाहुण्यांसाठी होता गं." मी म्हटलं, पण मळा तर मीच करते. तेव्हा तू जे बोललास, ते तुला आठवत नसेल. तू उगालीचा घास करत होतास, वर न बघता बोललास. "तुला कुठे पुरायचं तेच अजून ठरलेलं नाही, आणि तू नंबर मागतेस?"

लेकीला बापाच्या जमिनीत पुरत नाहीत, नवऱ्याच्या दारी पुरतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? मला नवरा राहिला नाही हेही ठाऊक होतं. पण ते चार परक्या माणसांपुढे, तोंडात घास असताना, मला पाठीवर घेऊन फिरवलेल्या भावाने सांगावं... चुकलं. तुला पाठीवर घेऊन मी फिरले. बघ, लिहितानाही गडबडायला होतं. जेरुशाचा हात वाढताना थांबला. तिने तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या दिवसापासून ती मला रोज पहिल्या वाफेचा चहा आणून देते. तुला हेही ठाऊक नसणार.

मी रडले नाही. मला तुझी कीव आली, आणि किळसही. वाटलं, एवढ्याशा जमिनीवर बसून हा माणूस किती मोठा झाला आणि किती लहान.

मग पाऊस लागला तेव्हा बातमी आली की पाहुण्यांच्या कचेरीतून एक बाई तपासायला येणार. कुणीतरी त्यांना कळवलं होतं की एकाच मळ्यातले एकेचाळीस फोटो दिसतात. तुझा संशय माझ्यावर होता. मी नव्हते. उलट्या एप्रनच्या बाईमागे आणि सुलट्या एप्रनच्या बाईमागे तोच दगड, हे बघायला कुणी फितूर लागत नाही, डोळे लागतात. आणि तेव्हा, न्यारिकी, तू मंगळवारी आलास! जन्मात पहिल्यांदा मंगळवारी. चिखल न चुकवता आलास. बूट घोट्यापर्यंत भरले होते. हातात पावाचे लांबडे. घरोघर एकेक पाव. माझ्या खोपटात तर तू जमिनीवर बसलास, जिथे चौदा वर्षांत कधी वाकून आत आला नव्हतास. "ताई, फक्त 'हो' म्हण. विचारतील, मळा तुमचा का? हो. तुम्ही ठरवता का? हो. बस. मला जेलात टाकतील गं." मग तू मला शिकवायला लागलास. तूच विचारायचास आणि तूच सांगायचास. "तुमचा मळा कुठून कुठपर्यंत? बांधापासून सुरूच्या झाडापर्यंत, असं सांग." मी म्हटलं, सुरूच्या झाडापर्यंत नाही, त्याच्या पुढे चर आहे तिथपर्यंत. झाड बाबांनी नंतर लावलं. "बरं, चरापर्यंत. झाडं किती? पाचशे सांग." मी म्हटलं, नऊशे बारा. त्यातली एकतीस मी नवीन लावली. तू माझ्याकडे असं बघितलंस की मला वाटलं, आता याच्या डोक्यात उजेड पडेल. तू म्हणालास, "वा! पाठ झालं की तुझं."

ती बाई आली, म्वेंदे नावाची. मध्यम वयाची, रबरी बूट घातलेली. मला ते बूट आवडले. तिने तुला आणि कमिटीला दोन दिवस चर्चपाशीच बसवून ठेवलं आणि प्रत्येकीला एकटीला तिच्या मळ्यात नेलं. फोटोतल्या नाही, तिच्या स्वतःच्या. माझ्याबरोबर वर आली. विचारलं, "छाटणी कधी केली?" मी सांगितलं, दोन वर्षांमागे, थंडीत, आणि छाटलेल्या फांद्या ओळीतच पसरल्या, माती वाहू नये म्हणून. तिने वाकून पाहिलं. "हे झाड का खुरटलं?" मी सांगितलं, याच्या मुळाला रोग होता, शेजारची दोन काढली, हे वाचेल असं वाटतं म्हणून ठेवलं. ती पुढे गेली, मी मागे. मग मी पुढे गेले आणि ती मागे. झाडाझाडाचं सांगत गेले, मला भानच राहिलं नाही. बाबांच्या हातची ती अकरा झाडंही दाखवली. दगडाजवळ ती थांबली आणि म्हणाली, "छाटायचं केव्हा, कोण ठरवतं?" मी. "भाऊ?" मी म्हटलं, त्याला छाटणी आणि मोडतोड यांतला फरक कळत नाही. ती खळखळून हसली. मग वही उघडली आणि हसू पुसून विचारलं, "हा मळा कुणाचा?"

तू पढवलेलं 'हो' माझ्या तोंडात होतं. पण तिने प्रश्न असा विचारला की 'हो' चालेना. मी म्हटलं, "माझा."

खाली ओढ्यावर आम्ही सगळ्या जणी हातपाय धुवायला जमलो तेव्हा जी ती आपले पाय घासत होती. मग केरेबी म्हणाली, "मी सांगितलं, माझा." दुसरी म्हणाली, मीही. कुणीच कुणाशी ठरवलेलं नव्हतं. एकीचा नवरा दारूत लोळतो, एकीचा मोम्बासात आहे, एकीचा घरीच असतो पण मळ्याची वाट त्याला सांगावी लागते. न्याबोके पाण्यात पाय सोडून बसली होती. ती म्हणाली, "मी बाई खोटं बोलायला म्हणून तोंड उघडलं आणि बाहेर खरंच पडलं." हसता हसता आमच्या डोळ्यांत पाणी आलं. केरेबी तर पाण्यातच बसली, लुगड्यासकट.

त्या संध्याकाळी तू किती आनंदात होतास! एकेचाळीसपैकी एकही फुटली नाही. म्वेंदेने कागद पुढे केले, नवऱ्यांनी रांगेत अंगठे उठवले, आणि तू गाडीच्या बोनेटवर ठेवून भराभर सह्या ठोकल्यास. एकेचाळीस कागद, चेअरमनच्या शिक्क्यासह. ती म्हणाली, "वाचून सही करा." तू म्हणालास, "आमचा आमच्या बायकांवर विश्वास आहे!" आणि तिने प्रत्येकीला एकेक प्रत दिली. या वेळी तू पिशवी घेऊन फिरला नाहीस, घाईत होतास, न्यामिरात तुला कुणाला तरी पार्टी द्यायची होती. त्या रात्री माझ्या दारात जेरुशाने तो कागद आम्हा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ती आठवीपर्यंत शिकली आहे, विसरू नकोस. एकेक ओळ दोनदा वाचली.

आता हे पत्र का, ते ऐक. तुझी चिठ्ठी आली त्यावरून दिसतं की तुला अजून वाटतंय आम्ही तुझ्यासाठी खोटं बोललो. त्या कागदावर लिहिलंय, की वर नाव असलेली बाई हा मळा स्वतः करते, तो तिचा आहे, आणि हंगाम संपायच्या आत कारखान्यात त्याचा नंबर तिच्या नावे करून दिला जाईल, न झाल्यास जबाबदारी चेअरमनची. खाली नवऱ्यांचे अंगठे, त्याखाली तुझी सही. माझ्या कागदावर जमीनधारक म्हणूनही तूच आहेस, चेअरमन म्हणूनही तूच. दोनदा सही केलीस, तुझी सही मोठी झोकदार आहे. हंगाम या महिन्याअखेर संपतो. येत्या सोमवारी आम्ही एकेचाळीस जणी ते कागद घेऊन कारखान्यात जाणार आहोत. हे खोटं आहे असं तुला तिथे सांगता येईल. मग आधी काय काय खोटं होतं तेही तुलाच सांगावं लागेल. बायका म्हणत होत्या, त्याला आधी कळवू नको, कारखान्यातून निरोप आल्यावर त्याचं तोंड बघायचंय. मी म्हटलं, कळवते, काही झालं तरी माझ्या पाठीवर वाढलाय. तर रविवारी केळी न भरता थांब, आणि सोमवारी आमच्याबरोबर चल, जणू हे सगळं तूच घडवून आणलंस असं तोंड करून. तुला ते जमतं. आम्ही कुणी काही बोलणार नाही. आलास तर जेरुशाकडे नाश्ता करून ये, नाही आलास तरी आम्ही खुडणी उरकून नऊच्या आत निघू. पायीच जाणार आहोत, तुझी गाडी लागणार नाही.

तुझीच, तुला न आवडली तरी,
थोरली बहीण
मोकेइरा